शॉट सुटण्याआधीचं बघा: लॅक्रोसच्या गोलकीपरनं मोठे सामने कसे पाहावेत

माझा उजवा अंगठा मोडला तेव्हा मला लॅक्रोसच्या गोलमध्ये उभं राहून जेमतेम दीड वर्ष झालं होतं. (लॅक्रोस म्हणजे लांब दांड्याच्या, जाळीदार डोक्याच्या स्टिकनं बॉल झेलायचा, फेकायचा आणि गोलात मारायचा खेळ.) चूक माझीच. गोलकीपरच्या ग्लोव्ह्जना अंगठ्याशी कडक कवच असतं. माझे त्या दिवशी घरी राहिले होते, म्हणून मी कुणाचे तरी साधे ग्लोव्ह्ज चढवून उभी राहिले. म्हटलं, वॉर्म-अपच तर आहे. तिसराच शॉट दांड्यावर आला आणि दांड्यावर नेमका अंगठा होता. सहा आठवडे प्लास्टर. या जागेला आम्ही सगळे 'गोली' म्हणतो आणि समोरून येते ती गोळीच असते, हे त्या दिवशी नीट कळलं.

त्या सहा आठवड्यांत डाव्या हातात रिमोट धरून मी सामने पाहिले. आधीही पाहायचेच, पण सगळे पाहतात तसे. नजर बॉलवर, गोल झाला की "अरेरे", वाचला की "वा!". प्लास्टरमुळे दुसरं काही करता येत नव्हतं, म्हणून एकेक गोल मागे नेऊन पुन्हा पाहायला लागले. आठवडाभरात एक गोष्ट ध्यानात आली: मी आजवर चुकीच्या क्षणाकडे बघत होते. बॉल जाळीत जातो किंवा स्टिकमध्ये येतो तो क्षण शिकायच्या कामाचा जवळजवळ नाहीच. शिकायचं असतं ते त्याच्या आधीच्या दोन-तीन सेकंदांत.

याला साधा हिशेब आहे. पुरुषांच्या वरच्या पातळीवर ताशी १६० किलोमीटरचा शॉट ही काही आश्चर्याची गोष्ट नाही. तसा शॉट ९ मीटरवरून सुटला तर गोलपर्यंत यायला साधारण २ दशांश सेकंद लागतात. डोळ्यांना काहीतरी दिसून हात हलायला माणसाला जवळपास तेवढाच वेळ लागतो. म्हणजे शॉट सुटल्यावर विचार सुरू केला तर बॉल जाळीत. महिलांच्या खेळात वेग कमी असतो म्हणून तिथं सोपं असेल असं वाटत असेल, तर तोही हिशेब करून बघा. ताशी ९५ किलोमीटरचा शॉट ५ मीटरवरून आला तरी वेळ तेवढाच, किंबहुना जरा कमीच. शिवाय महिलांच्या नियमांत शूटर आणि गोल यांच्या मधल्या मोकळ्या जागेत बचावपटूला नुसतं आडवं उभं राहता येत नाही. त्यामुळे जवळून आणि उघड्या अंगानं येणारे शॉट आमच्या नशिबी भरपूर.

तरीही मोठे गोलकीपर ते अडवतात. त्यांचे हात आपल्यापेक्षा दुप्पट वेगानं चालतात असं थोडंच आहे? बॉल सुटेपर्यंत त्यांचं बहुतेक काम उरकलेलं असतं, एवढंच. ते काम कुठं आणि कसं बघायचं, ते सांगते.

बसायची पद्धत

आधी हायलाइट्स बंद करा. मनापासून सांगते, हायलाइट्स बघून गोलकीपर बिघडतात. त्यात पडून, उडून, उलटं वळून केलेले सेव्ह असतात, आणि त्यातले बरेचसे पाय चुकल्यामुळेच उडून करावे लागलेले असतात. ज्याचे पाय बरोबर पडले त्याचा सेव्ह कंटाळवाणा दिसतो. बॉल येतो, छातीसमोर स्टिक असते, संपलं. असला सेव्ह हायलाइट्समध्ये कोण टाकणार?

पूर्ण सामना घ्या. पहिला क्वार्टर हवा तसा बघा, हौस फिटू दे. दुसऱ्यापासून बॉलकडे बघायचं नाही, फक्त गोलकीपर. हे बोलायला सोपं आहे. कॅमेरा बॉलमागे पळतो आणि गोलकीपर पडद्याच्या कडेला अर्धामुर्धा दिसतो. डोळे सारखे बॉलकडे ओढले जातात. मी पडद्याच्या ज्या बाजूला बॉल फिरत असेल तिथं वही आडवी धरायचे. वेडेपणा दिसतो, पण चालतो. गोलच्या मागून घेतलेला रिप्ले दाखवला की मात्र वही खाली. ते सोनं आहे, कारण गोलकीपरला जे दिसलं तेच साधारण तुम्हाला दिसतं.

खाल्लेला प्रत्येक गोल तीनदा बघायचा. एकदा सरळ. दुसऱ्यांदा शेवटच्या पासपासून फक्त गोलकीपरचे पाय. तिसऱ्यांदा बॉल स्टिकमधून सुटायच्या किंचित आधी चित्र थांबवायचं आणि मोठ्यानं सांगायचं: वर, खाली, कंबर, कुठली बाजू. मग पुढं सोडायचं. पहिले काही दिवस तुमचा अंदाज नाणं उडवल्यासारखा असेल. हळूहळू सुधारतो, आणि सुधारला की मैदानावरही जाणवतो. मोठ्यानंच म्हणा. मनात म्हटलं की आपण नंतर स्वतःला फसवतो, "मला वाटलंच होतं" म्हणून.

आणखी एक. आपल्या बांध्याचा गोलकीपर निवडा. मी बुटकी आहे. सव्वासहा फुटी माणूस खांदे न हलवता वरचा कोपरा झाकतो, ते बघून मला काय उपयोग?

पाय आणि आर्क

गोल ६ फूट रुंद, ६ फूट उंच. त्यासमोर आपण ज्या कमानीवर सरकतो तिला आर्क म्हणतात. आर्कवर किती पुढं उभं राहायचं यावर प्रशिक्षकांत वाद झडतात. मला तो वाद आकड्यांनी समजला. शूटर बरोबर समोर ९ मीटरवर आहे. तुम्ही गोलरेषेवर उभ्या असाल तर तुम्हाला १८३ सेंटिमीटर रुंदी झाकायची आहे. एक मीटर पुढं आलात तर तिथं झाकायची रुंदी साधारण १६३ उरते. २० सेंटिमीटर फुकट मिळाले, म्हणजे गोलकीपरच्या स्टिकच्या डोक्याची बरीचशी रुंदी वाचली म्हणा ना. किंमत किती? ताशी १६० च्या शॉटला सेकंदाचे दोन शतांश. दुरून मारणाऱ्यासमोर हा सौदा चांगला आहे. तोच शूटर ४ मीटरवर येऊन फसवायला लागला की सौदा फिरतो, कारण आता तो तुम्हाला वळसा घालून बॉल नेऊ शकतो.

मोठ्या सामन्यात हेच बघा: बॉल लांब असताना गोलकीपर किती पुढं आहे आणि बॉल आत आला की किती मागं जातो. सगळे सारखे नसतात. काही जण आर्क खूप सपाट ठेवतात, काही चांगले बाहेर येतात. पण एकच गोलकीपर अख्ख्या सामन्यात जवळजवळ त्याच ठशांवर पाऊल टाकताना दिसेल. गोलकडे मान वळवून बघतही नाही. स्टिकचं टोक हळूच मागे नेऊन गोलच्या खांबाला, म्हणजे पाइपला टेकवतो, टक् आवाज येतो, बाईंना किंवा बुवांना कळतं आपण कुठं आहोत.

माझी स्वतःची मोठी चूक इथंच सापडली. मी शूटरच्या छातीसमोर उभी राहायचे. पण बॉल छातीत नसतो, स्टिकच्या डोक्यात असतो, आणि उजव्या हाताच्या शूटरनं हात लांब करून स्टिक मागं नेली की ते डोकं त्याच्या अंगापासून चांगलं हातभर बाजूला असतं. म्हणजे मी प्रत्येक शॉटला हातभर चुकीच्या जागी उभी. वर्षभर मला वाटत होतं, माझी डाव्या बाजूची कंबर कच्ची आहे. कंबर बरी होती, उभी राहायची जागा कच्ची होती. चित्र थांबवा, स्टिकमधल्या बॉलपासून गोलच्या मध्यापर्यंत बोटानं रेघ काढा आणि गोलकीपर त्या रेघेवर आहे का ते बघा.

स्थिर असणं

या एकाच मुद्द्यासाठी मी तुम्हाला दहा सामने बघायला लावीन.

बचाव करणारा संघ एका खेळाडूनं कमी असताना समोरचे बॉल फिरवतात. उजवीकडे, वर, आणि मग अचानक एक लांब पास मैदानाच्या पार दुसऱ्या बाजूला. आता गोलकीपरला आर्कच्या या टोकापासून त्या टोकाला जायचं आहे. माझ्यासारखी काय करते? पास सुटला की धावते, आणि शॉट येतो तेव्हा अजून धावतच असते. एक पाय हवेत, वजन चाललंय उजवीकडे आणि शॉट येतो डावीकडे. हवेतल्या पायावरून उलट दिशेला जाता येत नाही. यात हाताच्या वेगाचा संबंधच नाही.

वरच्या पातळीवर बघा. तो दोन-तीन छोट्या पावलांत पोचतो आणि शॉटच्या आधी थांबतो. पूर्ण पोचला नसेल तरीही थांबतो! हे मला फार उशिरा दिसलं. अर्ध्या वाटेत असेल, शूटरची स्टिक मागे गेलेली दिसली की आहे तिथंच दोन्ही पाय टेकवतो, गुडघे वाकलेले, हात पुढं. चुकीच्या जागी स्थिर असलेला गोलकीपर बरोबर जागेकडे धावणाऱ्यापेक्षा जास्त वाचवतो. हे पटायला वेळ लागतो, कारण मनाला धावणं म्हणजे प्रयत्न वाटतो आणि थांबणं म्हणजे हार.

आणि हे लवकर निघणं कुठून येतं तेही बघा. पास हवेत असताना त्याची मान आधीच वळलेली असते. कधीकधी तर पास सुटण्याआधी. तिकडं कोण मोकळं उभं आहे हे त्यानं दोन सेकंद आधी चोरून बघितलेलं असतं. बॉलवरून डोळे काढायचे नाहीत हे आपल्याला इतक्यांदा सांगितलेलं असतं, की ही चोरटी नजर आपण टाकतच नाही. बॉल दुरून फिरत असताना, कुणी मारण्याच्या पवित्र्यात नसताना, एक झटका बाजूला बघून घ्यायला हरकत नसते.

स्टिक वाचणं

शूटरच्या डोळ्यांकडे बघू नका, चांगला शूटर डोळ्यांनी खोटं बोलतो. खांदे जरा कमी खोटं बोलतात. स्टिकचं डोकं मात्र बॉल सोडताना कुठं तरी असावंच लागतं, आणि तिथूनच बॉल निघतो. डोक्यावरून फिरवून मारतोय, कानाच्या बाजूनं, की कमरेतून आडवी? डोक्यावरून आलेला बॉल टप्प्याचा असण्याची शक्यता धरून ठेवा. कमरेतून सुटलेला बॉल वर चढत येऊ शकतो, आणि तो सगळ्यात फसवा, कारण सुटताना खाली दिसतो. आपण स्टिक खाली नेतो आणि तो खांद्यावरून जातो. धावता धावता मारणाऱ्याचे खांदे गोलकडे वळले नसतील, तर बॉल बहुधा तो धावतोय त्याच बाजूला ओढला जातो. पक्का नियम नाही, पण पैज लावायची तर मी त्या बाजूला लावीन.

टप्प्याच्या शॉटला मोठे गोलकीपर काय करतात ते हळू वेगानं बघण्यासारखं आहे. आधी स्टिकचं डोकं जमिनीकडे जातं, मग त्याच्यामागे अंग येतं, छाती पुढं झुकलेली. छाती मागं राहिली तर बॉल उसळून खांद्यावरून आत जातो. पाऊल तिरकं पुढं पडतं, टप्प्याच्या दिशेनं, म्हणजे बॉलला उसळायला जागाच कमी. विकेटकीपर बॉल येऊ देतो आणि हात मागं घेतो. आपण पायानं आणि वरच्या हातानं बॉलकडे जातो, आणि अगदी शेवटी हात मऊ करतो, नाहीतर बॉल स्टिकवर आपटून परत त्यांच्याच पुढ्यात. ओल्या गवतावर बॉल उसळत नाही, सरपटतो. पावसातला सामना मिळाला तर तो जरूर बघा, पहिल्या दहा मिनिटांत गोलकीपर आपली स्टिक किती खाली आणतो ते दिसेल.

क्रीजवर, म्हणजे गोलभोवती आखलेल्या वर्तुळाच्या कडेला, अगदी तोंडाशी आलेला शूटर वर दाखवून खाली मारतो. तिथं मी पूर्वी पहिल्याच खोट्या हालचालीला बळी पडायचे. मोठे गोलकीपर तिथं चक्क काही करत नाहीत. म्हणजे हात किंचित हलतात, पण पाय नाही. शूटरलाही वेळ नसतो, त्याच्या मागे बचावपटू स्टिक घेऊन लागलेला असतो. अर्धा क्षण जास्त थांबलात की त्याला मारावंच लागतं, आणि कधीकधी तो घाईत बाहेर मारतो. सुंठेवाचून खोकला गेला.

बॉक्स लॅक्रोसचे, म्हणजे भिंतींच्या बंदिस्त जागेत खेळतात त्या प्रकाराचे सामनेही बघत असाल तर सांभाळून. तिथं गोल ४ फूट उंच आणि ४ फूट ९ इंच रुंद, गोलकीपर गादी बांधल्यासारखा जाडजूड, आणि त्याचं काम मुख्यतः जागा भरण्याचं. त्याचे पाय आपल्या कामाचे नाहीत. मात्र जवळून फसवणारे शूटर बघायचे असतील तर बॉक्ससारखी शाळा नाही.

बॉल गोलमागे गेला की

गोलच्या मागच्या भागाला एक्स म्हणतात. बॉल तिथं गेला की आपली पंचाईत अशी: बॉलकडे बघावं तर मारणारे पाठीमागे, मारणाऱ्यांकडे बघावं तर बॉल पाठीमागे. टीव्हीवर हा सगळ्यात कंटाळवाणा भाग वाटतो, लोक तेवढ्यात पाणी प्यायला उठतात. तुम्ही उठू नका.

बघायचं ते असं. गोलकीपर बॉलकडे तोंड करून, स्टिक उभी धरून, गोलच्या मध्याजवळ. मान दर थोड्या वेळानं खांद्यावरून मागे. बॉलवाला एका बाजूनं वर यायला लागला की तो त्या पाइपला चिकटतो, इतका की अंग आणि पाइप यांच्यात बोट शिरणार नाही. आणि पास सुटला की वळताना नजर बॉलबरोबर फिरते, पाऊल लगेच त्या दिशेला, आणि पुन्हा तेच: थांबणं.

आता माझी फजिती. ब्लेझ रिओर्डन हा अमेरिकेतल्या व्यावसायिक प्रीमियर लॅक्रोस लीगमधला गोलकीपर, २०२१ मध्ये त्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. क्रीज सोडून पुढं धावण्यासाठी तो प्रसिद्ध आहे. बॉक्समध्ये तर तो गोलकीपर नसून फॉरवर्ड म्हणून खेळलेला माणूस. प्लास्टर निघाल्यावर मी त्याच्या प्रेमात. माझ्या दुसऱ्याच सामन्यात एक्सवरून पास सुटणार असं मला दिसलं, मी झेप घेतली, स्टिक लांब केली. पास सुटलाच नाही. बॉलवाली शांतपणे दुसऱ्या बाजूनं चालत आली आणि रिकाम्या गोलात बॉल ठेवून गेली. मारला नाही, ठेवला. आमच्या प्रशिक्षकांनी काही म्हटलं नाही, नुसती बाटली पुढं केली. रिओर्डन बाहेर पडतो तेव्हा बॉल हातात असताना आरामात पळू शकणारा, पास देऊ शकणारा, मारू शकणारा खेळाडू बाहेर पडतो. मला तेव्हा डाव्या हातानं पासही धड येत नव्हता. त्याच्याकडून घेण्यासारखं जे होतं, ते त्याच्या न दाखवल्या जाणाऱ्या साध्या सेव्हमध्ये होतं.

तोंड

आवाज बंद करून सामने बघू नका, निदान प्रीमियर लॅक्रोस लीगचे तरी नकोच, कारण तिथं खेळाडूंच्या अंगावर माइक असतात आणि गोलकीपरचं बोलणं ऐकू येतं. ते ऐकून मला पहिला धक्का बसला तो त्याच्या शांतपणाचा. मी किंचाळायचे. "ती आली! ती आली!" कोण आली, कुठून आली, बचावाला काय कळणार? वरच्या पातळीवर शब्द मोजके, ठरलेले: "टॉप राइट", "टॉप लेफ्ट", "एक्स". बॉल कुठं आहे एवढंच, पण प्रत्येक पासला, न चुकता, सारख्याच आवाजात. आवाज चढतो तो फक्त क्रीजवर पास आला तर, आणि सेव्ह झाल्यावर "क्लिअर!" (बॉल इथून बाहेर काढा) म्हणताना. सगळंच ओरडून सांगितलं तर खरं संकट आल्यावर आवाज कुठून आणणार?

सेव्हनंतरचे चार सेकंद

पुरुषांच्या मैदानी खेळात बॉल ताब्यात आल्यावर गोलकीपरला क्रीजमध्ये ४ सेकंद मिळतात, महिलांमध्ये १०. चार सेकंद कमी वाटतात, पण बघा: चांगला गोलकीपर पहिल्याच सेकंदात मान वर करतो. शॉट मारणाऱ्याला धरणारा बचावपटू बहुतेकदा सगळ्यात आधी मोकळा सुटतो, कारण शूटर शॉटनंतर क्षणभर आपलाच शॉट बघत राहतो. पहिली नजर तिकडं. नाहीच जमलं तर गोलमागे वळसा घालून शांतपणे. सिक्सेस हा सहा-सहा खेळाडूंचा, लॉस एंजेलिसच्या २०२८ च्या ऑलिंपिकमध्ये येणारा प्रकार बघत असाल तर तिथं गोल खाल्ल्यावरही बॉल लगेच तुमच्याच स्टिकमध्ये असतो आणि खेळ तुम्हीच सुरू करता. मान खाली घालून उसासे टाकायला तिथं वेळच नाही.

गोल खाल्ल्यावरचा चेहरा

हे शेवटी लिहितेय, पण मी सध्या सगळ्यात जास्त हेच बघते.

अमेरिकेतल्या कॉलेजांची २०२१ ची पुरुषांची अंतिम लढत, व्हर्जिनिया आणि मेरीलँड. शेवटच्या काही सेकंदांत मेरीलँडनं गोल करून फरक एकावर आणला, १७-१६. लगेचच्या फेसऑफवर, म्हणजे गोलनंतर मध्यावर दोघांत बॉलसाठी होते त्या झुंजीत, मेरीलँडच्या ल्यूक वायरमननं बॉल जिंकला आणि सरळ गोलकडे धावला. व्हर्जिनियाच्या गोलमध्ये अ‍ॅलेक्स रोड. सोळा गोल खाल्लेला माणूस, त्यातला शेवटचा क्षणापूर्वीच. त्यानं तो शॉट अडवला आणि सामना संपला. हा प्रसंग सेव्हसाठी बघू नका. सोळावा गोल झाल्यापासून फेसऑफची शिट्टी होईपर्यंत तो जेवढा दिसतो तेवढा बघा.

त्याच्या उलट टोकाला २०२२ ची अंतिम लढत. मेरीलँडनं कॉर्नेलला ९-७ असं हरवलं आणि लोगन मॅकनेनीनं १७ सेव्ह केले. २०२३ मध्ये नोत्र दामच्या लियम एंटेनमननं ड्यूकविरुद्ध १८. हे दोन सामने पाय आणि स्थिरपणा शिकायला उत्तम, पण मी शिकवते त्या पोरींना आधी २०२१ चा दाखवते. लॅक्रोसमध्ये आलेल्या शॉटपैकी निम्मे अडवले तरी गोलकीपर चांगला दिवस म्हणतो. म्हणजे चांगल्या दिवशीही निम्मे आत जाणार. सतरा सेव्हवाला दिवस आपल्या वाट्याला कितीदा येतो? सोळा गोलांचे येतच राहतात.

चेहऱ्याबद्दल बघायचं ते बारीकसारीक आहे. बॉल जाळीतून कोण काढतं? काढताना तो बचावपटूंकडे बघतो का? काही जण प्रत्येक गोलनंतर एकच ठरलेली गोष्ट करतात: पाणी, एका पाइपला टेकवलेली स्टिक, दुसऱ्या पाइपला टेकवलेली स्टिक. माझी गोष्ट म्हणजे उजव्या ग्लोव्हचा पट्टा सोडून पुन्हा बांधणं. अंगठ्याची खात्रीही होते.

मैदानावर नेताना

एका सामन्यातून एकच गोष्ट उचला. मी पहिल्या उत्साहात वहीत बावीस मुद्दे काढून सरावाला गेले आणि त्या दिवशी मला साधा सरळ शॉटही दिसेना, डोक्यात इतकी गर्दी. आता नियम असा की आठवड्याला एक मुद्दा, आणि तो चिकटपट्टीवर लिहून दांड्याला लावायचा. सध्या माझ्या दांड्यावर 'थांब' लिहिलंय. गेल्या महिन्यात 'बॉल, छाती नाही' होतं.

आर्कसाठी घरच्या घरी करता येईल असा सराव: अंगणात, गच्चीवर, कुठंही ६ फुटांवर दोन खुणा करा. डोळे मिटून आर्कवर पाच जागा चाला, प्रत्येक जागी थांबा, डोळे उघडा आणि किती चुकलात ते मोजा. बॉल लागत नाही, शूटर लागत नाही, शेजारीही काही विचारत नाहीत. फार तर खिडकीतून बघतात.

आणि एखाद्या शूटरशी दोस्ती करून तिला तुमच्याबरोबर सामना बघायला बसवा. मी ज्या मुलींना शिकवते त्यातली एक अटॅकर माझ्याशेजारी बसून परवा सामना बघत होती. मी पडदा थांबवला, म्हटलं, "वर, उजवीकडे." ती म्हणाली, "नाही ताई, खाली डावीकडे. त्याचा पाय बघा ना, वळलाच नाहीये." मी पुढं सोडलं. खाली डावीकडे. आता पुढच्या आठवड्याच्या पट्टीवर काय लिहायचं ते ठरलंय.